पाळीव प्राणी आणि त्यांची माणसं: गोड फोटोंच्या पुढे कसं जायचं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहेस, छायाचित्रण हा तुझा विशेष विषय आहे आणि प्रकल्पासाठी ‘माणसं आणि त्यांचे पाळीव प्राणी’ हा विषय घेतला आहेस. ओळखीपाळखीतून बऱ्याच घरांत जाऊन फोटो काढलेस. फोटो स्वच्छ आले, बघणाऱ्यांना आवडतात, पण तुझ्या सरांचं म्हणणं असं की सगळीकडे एकच फोटो आहे, फक्त घरं बदलली आहेत. आता पुढे काय करावं, प्राणी क्षणभरही स्थिर राहत नाहीत त्याचं काय करावं, आणि तुझ्या स्वतःच्या घरातल्या कुत्रीला या कामात घ्यावं की नाही, असं तू विचारलंस.

सरांचं म्हणणं मला पटतं. तू घरात पाऊल टाकलंस की लोक प्राण्याला उचलून मांडीवर घेतात, गाल त्याच्या डोक्याला टेकवतात आणि तुझ्याकडे बघून हसतात. ही पोझ मोबाइलने आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पाडली आहे. त्यातलं प्रेम खोटं नसतं, पण ते कॅमेऱ्यासाठी गोळा करून दाखवलेलं असतं, म्हणून दादरच्या फ्लॅटमध्ये आणि सदाशिव पेठेतल्या वाड्यात ते सारखंच दिसतं. नातं मात्र दिवसभर चालू असतं. कुत्र्याला पहाटे बाहेर न्यायचं म्हणून कुणीतरी रात्रीच्या गप्पांतून लवकर उठतं. मांजर पडू नये म्हणून सगळ्या खिडक्यांना जाळी बसते आणि समोरचा गुलमोहर कायमचा चौकोनांतून दिसू लागतो. सोफ्यावर जुनी चादर येते ती जात नाही. गावच्या लग्नाला नवरा-बायकोपैकी एकच जण जातं. कणीक मळताना एक गोळा बिनमिठाचा वेगळा निघतो. या गोष्टी फोटोत धरता येतात आणि त्या प्रत्येक घरात वेगळ्या असतात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: दोघं एकमेकांना किती आवडतात हे दाखवायचा हट्ट सोड, आणि दोघांनी एकमेकांचं जगणं कसं बदलून टाकलं ते शोध.

हे शोधायला वेळ लागतो, म्हणून आधी घरं कमी कर. तीन-चार घरं भरपूर झाली. पण त्या घरांत पुन्हा पुन्हा जा, वेगवेगळ्या वेळी जा, आणि पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतून काढूच नकोस. चहा घे, जमिनीवर बस, प्राण्याला तुझा वास घेऊ दे. वहीत त्या घराचं वेळापत्रक लिही: कोण उठतं, कोण खायला घालतं, कोण ओरडतं, औषध कोण देतं आणि कशात लपवून देतं, रात्री कोणाच्या पायाशी कोण झोपतं. हे वेळापत्रक हीच तुझी शूटिंगची यादी. घरं निवडताना लॅब्रॅडॉर, पर्शियन मांजर, लव्हबर्ड असा प्राण्यांचा संग्रह करू नकोस. नात्याची जात वेगळी असायला हवी. मुलं परदेशी गेलेलं एक जोडपं आणि त्यांचं म्हातारं कुत्रं. मासळी बाजारात पाटीशेजारी बसणारी मांजर आणि तिला रोज मुंडकी टाकणारी कोळीण. रात्री गल्लीतल्या कुत्र्यांना भात घालणारा माणूस, ज्याच्याशी अर्धी सोसायटी बोलत नाही. तिसऱ्या उदाहरणात कुत्रं कुणाच्याच मालकीचं नाही, आणि तरी त्या माणसाचा दिवस त्याच्याभोवती फिरतो. आपल्या शहरांत ‘पाळलेलं’ आणि ‘गल्लीतलं’ यांच्यामधली रेघ फार पुसट आहे. एकच कुत्रं पानवाल्याकडे एका नावाने येतं, वॉचमनकडे दुसऱ्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे तिसऱ्या. त्या रेघेवर काम करणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो, आणि तिथे विषय अक्षरशः पडून आहे.

आणखी एक नातं तुझ्या फोटोंत कुठेच दिसलं नाही, त्यावर जरा थांबते. तू ज्या मोठ्या घरांत गेलीस तिथे कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणारा मुलगा असेल, किंवा दिवसभर घरात त्याच्याबरोबर असणारी मावशी असेल. मालक कामावर गेल्यावर कुत्रं कुणाच्या मागे मागे फिरतं? ताप आला की आधी कुणाला कळतं? बऱ्याच घरांत याचं उत्तर मालक हे नसतं. तरीही ‘माणूस आणि त्याचा पाळीव प्राणी’ म्हटलं की फोटोत मालकच बसतो आणि मावशी पाण्याचा ग्लास देऊन आत जाते. प्राण्याचं नातं कुणाशी आहे आणि मालकी कुणाकडे आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुझा प्रकल्प खरोखर नात्याबद्दल असेल तर त्या मावशींना वगळून तो पुरा होणार नाही. मात्र इथे फार जपून चालावं लागतं. मालकासमोर ‘मावशी, तुमचा फोटो काढू का’ म्हणून विचारलंस तर त्यांना नाही म्हणायची सोय उरत नाही. त्यांना वेगळं गाठ, कामाच्या वेळेबाहेर, फोटो कुठे लागणार आहे ते नीट सांग, आणि नाही म्हणाल्या तर मालकांना त्यातलं काही कळू देऊ नकोस.

आता प्राणी स्थिर राहत नाहीत या तक्रारीबद्दल. तुझे जुने फोटो पुन्हा उघड आणि या वेळी माणसाकडे न बघता फक्त कुत्र्याकडे बघ. झोप आलेली नसताना जांभई, सारखं नाक चाटणं, मान पलीकडे वळवलेली, कान मागे दबलेले, डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय, ही सगळी कुत्र्याच्या अस्वस्थपणाची चिन्हं आहेत. घट्ट मिठी मारली की बऱ्याच कुत्र्यांत ती दिसतात. म्हणजे ज्या फोटोला तू प्रेमाचा फोटो समजतेस, त्यात कधी कधी एक जण प्रेम करतोय आणि दुसरा सुटका बघतोय. हे एकदा दिसू लागलं की तुझी निवड आपोआप बदलेल. प्राणी उठून गेला तर त्याला जाऊ दे, हाक मारून परत आणायला लावू नकोस. त्याने फोटोला दिलेला तो नकार आहे, आणि माणूस त्याच्या मागे बघत बसलेला असतो तो फोटो बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा चांगला निघतो.

मांजरांचं गणित वेगळं. मांजरीला रोखून बघणं म्हणजे धमकी वाटते, आणि लेन्स हा तर न मिटणारा मोठा डोळा. कॅमेरा खाली ठेव, नजर थोडी बाजूला घे, डोळे हळूच अर्धे मिट, आणि तिलाच तुझ्याकडे येऊ दे. सशाला कुणी वरून उचललं की तो घाबरतो, कारण शिकारी पक्षी वरूनच झडप घालतो. म्हणून सशाचं घर असेल तर सगळं काम जमिनीवर, पोटावर पडून. पक्ष्यांना फ्लॅश नको. खरं तर कुणालाच नको, कारण कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो आणि फ्लॅश मारला की फोटोत डोळ्यांच्या जागी हिरवे-पिवळे दिवे येतात.

उजेडाचं म्हणशील तर ट्यूबलाइट बंद कर आणि खिडकी उघड. हे मी सौंदर्यासाठी सांगत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आवाज नको म्हणून तू कॅमेऱ्याचं सायलेंट शटर वापरलंस आणि हालचाल पकडायला शटरचा वेग १/२५० सेकंदावर नेलास, की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. ट्यूबखालीच काढायची वेळ आली तर १/१०० किंवा १/५० वर ये आणि झोपलेल्या, बसलेल्या प्राण्यावर समाधान मान. खिडकीच्या उजेडात मात्र १/२५०, जमलं तर १/५००, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नकोस. थोडे दाणे चालतील, हललेले डोळे चालणार नाहीत. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड, एफ/४ ते एफ/५.६ ठेव, कारण तुझ्या फोटोत दोन चेहरे आहेत आणि एफ/१.८ इतकं मोठं उघडलं की त्यातला एक हमखास धूसर होतो. मग बघणाऱ्याला वाटतं की तुझ्या लेखी एकच महत्त्वाचा होता.

काळ्या कुत्र्याबद्दल तू वेगळं विचारलं होतंस. चौकट काळ्या रंगाने भरली की कॅमेऱ्याला उजेड कमी आहे असं वाटतं आणि तो कुत्र्याला राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली आण (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). पांढऱ्या मांजरीला उलट, तेवढंच वर. पण माणूस आणि काळं कुत्रं एकत्र असतील तेव्हा एक्स्पोजर माणसाच्या त्वचेवर ठरव आणि कुत्र्याला खिडकीच्या बाजूने बसू दे. काळ्या केसांना आकार देते ती त्यांच्यावरची चमक, आणि ती तिरक्या उजेडातच दिसते.

लेन्स ३५ मिमी, फार तर ५०. लांबच्या लेन्सने प्राणी सुंदर दिसतो पण घर निघून जातं, आणि तुला घर हवं आहे.

कॅमेऱ्याची उंची हा मात्र केवळ तंत्राचा भाग नाही, ती तुझी बाजू ठरवते. एलियट अर्विट हा छायाचित्रकार कुत्र्यांच्या उंचीवर उतरला. त्याच्या न्यूयॉर्कमधल्या १९७४ च्या प्रसिद्ध फोटोत विणलेली टोपी घातलेलं चिमुकलं चिवावा आहे, एका बाईचे बूट आहेत आणि ग्रेट डेन या भल्यामोठ्या कुत्र्याचे नुसते पाय. माणसाचा चेहरा चौकटीबाहेर राहतो आणि आपण क्षणभर चिवावाच्या जगात उभे राहतो. दुसरा छायाचित्रकार विल्यम वेगमन सत्तरच्या दशकापासून आपल्या वायमरानर कुत्र्यांबरोबर काम करत आला, पहिल्याचं नाव मॅन रे. तिथे कुत्रा हा खेळातला भागीदार आहे, आणि त्याच्या नजरेतला तटस्थपणा फोटोला तोलून धरतो. पीटर ह्युगो या छायाचित्रकाराने नायजेरियात तरस घेऊन फिरणाऱ्या माणसांचे फोटो काढले. साखळी, मुसकं, गर्दीत पैसे गोळा करणं. एकमेकांवाचून दोघांचंही पोट भरत नाही आणि दोघंही एकमेकांपासून सावध. हे बघताना मला आपल्याकडचे नंदीबैलवाले आठवतात, आणि अस्वल घेऊन दारोदार फिरणारे दरवेशीही, जे आता दिसत नाहीत. उपजीविकेतलं नातं हौसेच्या नात्यापेक्षा कमी खरं असतं असं समजू नकोस. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या तळावर, कुत्रं लांडग्यापासून कळप राखतं, घोड्याच्या पाठीवरच्या बोजावर कोंबड्या बसलेल्या असतात, आणि तिथे पाळीव, राखणदार, पोशिंदा असे कप्पे चालत नाहीत. तुझ्या प्रकल्पात हे आलंच पाहिजे असं नाही. पण आपला विषय शहरी हौसेपुरता का मर्यादित ठेवला, याचं उत्तर परीक्षकांसमोर तुझ्याकडे हवं.

परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला सगळी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणते. प्राण्यांवरचं क्रौर्य रोखण्यासाठी १८७४ मध्ये मुंबईत जी संस्था उभी राहिली, तिचं हे रुग्णालय. परवानगी मागून, कॅमेरा न घेता, एक सकाळ तिथे नुसती बसून ये. कापडी पिशवीतून मांजर घेऊन आलेला हमाल, गाडीतून उतरलेलं कुटुंब आणि गल्लीतलं जखमी कुत्रं रिक्षात घालून आणणारी मुलं एकाच रांगेत असतात. आजारपणात नातं फार स्पष्ट दिसतं, कारण तिथे कुणाला पोझ द्यायचं भान नसतं.

म्हणूनच तिथे मर्यादा पाळायची. शेवटचं इंजेक्शन दिलं जात असताना फोटो काढू नकोस, कुणी स्वतःहून बोलावलं तरच जा, आणि गेलीस तरी एखाद-दुसरा फोटो काढून कॅमेरा ठेवून दे. तुझ्या प्रकल्पाच्या काळात एखादा प्राणी गेला तर लगेच ‘रिकाम्या जागेचा’ फोटो काढायला धावू नकोस. काही आठवड्यांनी त्यांच्या घरी आधीच्या फोटोंचे प्रिंट घेऊन जा. पट्टा अजून खिळ्याला असेल, किंवा नसेल. काय राहिलं आणि काय काढून टाकलं हे ते लोक स्वतः दाखवतील, दाखवायचं असेल तर.

संमती लेखी घे. साधं, मराठीतलं, अर्ध्या पानाचं पत्र पुरे: फोटो कशासाठी, कुठे लागणार, इंटरनेटवर जाणार का, आणि मागाहून मत बदललं तर काय. लहान मुलं असतील तर आई-वडिलांची सही, पण मुलालाही विचार. आणि एक कायद्याची गोष्ट, जी विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. चाळीच्या गॅलरीतल्या पिंजऱ्यातला मिठू आपल्याला इतका घरचा वाटतो की त्यात काही वावगं आहे हे सुचतच नाही. पण आपला देशी पोपट आणि पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि ते घरात पाळणं गुन्हा आहे. तू आजोबांचा त्यांच्या पोपटाबरोबरचा फोटो नाव-पत्त्यासह प्रदर्शनात लावलास, तर तू त्यांच्याविरुद्धचा पुरावा भिंतीवर लावलास. हा विषय घ्यायचाच असेल तर आजोबांना आधी हे सगळं सांग आणि मग त्यांना ठरवू दे. त्या पिंजऱ्याबद्दल तुला स्वतःला काय वाटतं हेही ठरवावं लागेल. प्रेमाने वाढवलेला पक्षी, ज्याला उडता येत नाही. या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट तिथे आहे, आणि ती गोड करून मांडलीस तर मला वाईट वाटेल.

निवडीकडे येऊ. सगळे फोटो साध्या लॅबमधून पोस्टकार्ड आकारात छापून घे आणि जमिनीवर पसर. स्क्रीनवर निवड करू नकोस, तिथे प्रत्येक फोटो एकटा असतो आणि एकटा फोटो गोडच वाटतो. आधी ज्यात दोघंही कॅमेऱ्याकडे बघत आहेत ते सगळे उचलून बाजूला ठेव. प्रत्येक घरामागे त्यातला फार तर एक परत आण. मग बघ, ज्यात प्राणीच नाही असे किती फोटो आहेत. नखांनी खरवडलेलं दार, औषधांची फाइल, पाण्याच्या भांड्याने फरशीवर उठवलेलं वर्तुळ. ज्यात माणूस नाही असे किती? दोन्ही प्रकार थोडे तरी हवेत, नाहीतर बघणाऱ्याला स्वतःहून काही जोडायला जागा उरत नाही. क्रम लावताना घरामागून घर असा लावू नकोस. वेळेप्रमाणे लावून बघ, पहाट ते रात्र, सगळी घरं मिसळून. पहाटे कोळीण आणि सोसायटीतले आजोबा शेजारी आले की तुझ्या सरांना हवा असलेला विषय न सांगता दिसेल. मजकूर लावायचा असेल तर तुझा नको. त्या माणसांना एक-दोन ओळी त्यांच्या हाताने लिहायला सांग, जसं लिहितील तसं, शुद्धलेखन न सुधारता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत उतरवून घे. प्रदर्शनात एक-दोन प्रिंट मुद्दाम गुडघ्याच्या उंचीवर लावायचा विचार कर. वाकून बघावं लागलं की उंचीचा मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

राहिली तुझ्या घरातली कुत्री. तिला घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जपानी छायाचित्रकार मासाहिसा फुकासे याने १९७७ मध्ये सासुके नावाचं मांजरीचं पिल्लू आणलं. थोड्याच दिवसांत ते हरवलं. त्याने भागात पत्रकं लावली, तेव्हा कुणीतरी एक पिल्लू आणून दिलं. ते सासुके नव्हतं, हे त्याला दिसत होतं, तरी त्याने ते ठेवून घेतलं आणि नावही तेच ठेवलं. मग मांजरीच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला तो तासन्‌तास पोटावर पडून फोटो काढत राहिला, आणि ते फोटो एका अर्थी स्वतःचीच व्यक्तिचित्रं आहेत असं मानू लागला. इतकं जवळचं काम परक्या घरात होत नाही. पण तुझ्या घरात एक अडचण आहे: कॅमेरा तुझ्या हातात असेल तोवर त्या नात्यातला माणूस कायम चौकटीबाहेर राहणार. म्हणून कॅमेरा आईकडे दे, भावाकडे दे, फोकस आणि एक्स्पोजर लावून दे आणि महिनाभर त्यांना हवं तेव्हा तुमचे दोघींचे फोटो काढू दे. तू फक्त निवड कर. आणि निवडताना इतर घरांना जो नियम लावलास तोच स्वतःला लाव: मिठी मारून हसतानाचा फार तर एक.